ज्या खेळाला शेवट नाही



घरभेटींच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामात फिरताना अलीकडे एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते, कधी एखादी तरुण पत्नी. "फादर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो टीव्हीपुढे बसून गेम खेळतो. जेवायला हाक मारली तर 'दोन मिनिटं' म्हणतो आणि तास लावतो. बोललं तर चिडतो. हे पाप आहे का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही आणि घाईने दिलेले उत्तर घरातले भांडण वाढवते. म्हणून या रविवारी त्याचा थोडा शांतपणे विचार करू या.

ज्येष्ठांसाठी आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स नावाची पेटी टीव्हीला जोडतात आणि हातातल्या बटनांनी पडद्यावरच्या योद्ध्याला चालवतात. योद्धा राक्षस मारतो. मेलेल्या राक्षसाकडून कधी तलवार, कधी चिलखत, कधी काहीच मिळत नाही. मिळालेल्या वस्तूंनी योद्ध्याची ताकद वाढते, मग त्याहून मोठे राक्षस समोर येतात. इंटरनेटमुळे मित्रांबरोबर, किंवा कधीच न भेटलेल्या माणसांबरोबर, टोळी करून खेळता येते. 'डायब्लो' हे या प्रकारातले गाजलेले नाव. त्याचा पहिला भाग १९९६-९७ च्या सुमारास संगणकावर आला, तिसरा २०१२ साली संगणकावर व २०१३ साली टीव्हीच्या पेटीवर, आणि चौथा २०२३ साली.

नाव आणि चित्रे पाहून काही पालक दचकतात. हा खेळ प्रौढांसाठी आहे असे त्यावर लिहिलेले असते, ते पालकांनी जरूर वाचावे. लहान मुलांच्या हाती तो देऊच नये. परंतु मोठ्यांच्या बाबतीत खरा धोका त्या चित्रांत आहे असे आम्हांला वाटत नाही. दैत्याशी लढणाऱ्या वीराची गोष्ट जुनीच आहे. संत जॉर्ज आणि महादूत मिखाएल यांच्या तसबिरी आपण घरात लावतोच. धोका आहे तो खेळाच्या रचनेत.

तिकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. खेळणे हे पाप नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या महाग्रंथात या प्रश्नावर लिहिले आहे. तिथे ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला लावले आणि विचारले, "असे सतत करता येईल का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. थॉमस यांच्या मते मनालाही शरीरासारखी विश्रांती लागते व ती खेळातून मिळते. इतकेच नव्हे, तर ज्याला कधीच खेळता येत नाही आणि जो इतरांचाही विरस करतो, त्याच्यातही ते दोष पाहतात. तेव्हा दिवसभर कारखान्यात राबून, वरसावे नाक्याच्या कोंडीत तासभर अडकून घरी आलेल्या तरुणाने घटकाभर खेळावे, यात आक्षेपार्ह काही नाही.

मात्र त्या कथेत एक अट दडलेली आहे. धनुष्याची दोरी सैल करायची ती पुन्हा चढवता यावी म्हणून. जो खेळ माणसाला ताजेतवाने करून कामाकडे, माणसांकडे व प्रार्थनेकडे परत पाठवतो, तो खरा खेळ. ज्या खेळानंतर डोळे लाल, मन चिडचिडे आणि सकाळची कंपनीची बस चुकलेली असते, त्यात दोरी सैल झालेलीच नसते. ती दुसऱ्या बाजूने ताणलेली असते.

असे का व्हावे? कारण या खेळाला शेवट नाही. आपण लहानपणी खेळलेल्या खेळांना शेवट होता. क्रिकेटमध्ये षटके संपत, चेंडू झुडपात हरवे, अंधार पडे. खाडीकाठच्या आपल्या मुलखात तर कामालाही शेवट होता. कोळ्याला भरती-ओहोटी थांबवी, शेतकऱ्याला काळोख. सगळेच पडद्यावरचे खेळ शेवटाविना असतात असेही नाही. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे. काही तासांत ती पूर्ण होते आणि खेळणारा उठतो. 'डायब्लो'च्या चौथ्या भागातही एक कथा आहे व ती संपतेही, पण खेळ संपत नाही. साधारण दर तीन महिन्यांनी नवा 'सीझन' येतो, नवा योद्धा घेऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे असते. शिवाय हा भाग सतत इंटरनेटवर चालतो, त्यामुळे त्याला क्षणभर थांबवून ठेवण्याची सोयच नाही. तुमचा मुलगा "मम्मी, हे पॉज होत नाही" म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

दुसरे कारण बक्षिसाच्या अनिश्चिततेत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबूतर चोच मारीतच राहते, असे त्यांना दिसले. राक्षसाकडून कधी तलवार मिळते, कधी काहीच मिळत नाही, यातही तेच तत्त्व काम करते. याचा बोलका पुरावा खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीच दिला आहे. 'डायब्लो'च्या तिसऱ्या भागात, संगणकावरच्या आवृत्तीत, त्यांनी एक लिलावघर उघडले होते. तिथे हवी ती तलवार खऱ्या पैशांनीही विकत घेता येई. १८ मार्च २०१४ रोजी त्यांनी ते स्वतःहून बंद केले, कारण वस्तू सहज विकत मिळू लागल्यावर खेळातली गंमतच हरवली होती. म्हणजे माणूस तलवारीसाठी खेळत नव्हता, तलवार मिळेल या आशेसाठी खेळत होता. वस्तूला सीमा असते, आशेला नसते. म्हणूनच 'पुरे' हा शब्द या खेळात कधी येत नाही.

आता एक अवघड प्रश्न. तरुण आम्हांला सांगतात, "फादर, मी एकटा खेळत नाही. तिघे माझ्यासाठी थांबलेले असतात. मध्येच उठलो तर ते हरतील. दिलेला शब्द पाळू नको का?" हे निमित्त म्हणून झटकून टाकू नका. सोबत्याला संकटात न सोडणे हा सद्गुण आहे. घरात सतत बोलणी खाणारा, वर्गात मागे बसणारा एखादा मुलगा तिथे टोळीचा भरवशाचा माणूस असतो. त्याला तिथे मान मिळतो. तो मान त्याला घरात का मिळत नाही, हे आईवडिलांनी एकदा स्वतःला विचारावे.

तरीही उत्तर द्यायला हवे. शब्द बांधतो हे खरे, पण जे आपले आहे तेच आपण शब्द म्हणून देऊ शकतो. शेजाऱ्याचे शेत आपण कुणाला वचन म्हणून देऊ शकत नाही. संध्याकाळचे जेवण हे आईचेही आहे, तिने ताटे मांडलेली असतात. रात्रीची झोप ही उद्याच्या कामाची, म्हणजे मालकाची आणि पगारावर अवलंबून असलेल्या घराचीही आहे. नवऱ्याचा वेळ बायकोचाही आहे. हा वेळ अनोळखी टोळीला देणारा आपला नसलेला माल देत असतो. म्हणून प्रामाणिक माणसाने सोबत्यांना सुरुवातीलाच सांगावे, "मी साडेनऊपर्यंतच आहे." जे सोबती हे ऐकून घेतात ते मित्र. जे घेत नाहीत, त्यांच्याशी निष्ठा कसली?

मग पाप कुठे आहे? इथे अलिपियसची गोष्ट आठवते. हा संत ऑगस्टीन यांचा मित्र. चौथ्या शतकात तो कायदा शिकण्यासाठी रोमला गेला. मित्रांनी त्याला ओढून तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांना नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. त्याला स्वतःवर भरवसा होता. पण लोकांचा प्रचंड आरडाओरडा कानावर आला, त्याने डोळे उघडले आणि तो अडकला. पुढे तोच इतरांना तिकडे नेऊ लागला. ऑगस्टीन यांना यातून दिसते ते हे की, त्याची इच्छा दुबळी होती आणि तो तिच्यावरच विसंबला होता. वाकडी इच्छा वारंवार पुरवली की सवय होते आणि सवय मोडली नाही की ती गरज बनते, असेही त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिले. पहिल्या दिवशी माणूस जितका मोकळा असतो, तितका पाचशेव्या दिवशी नसतो. सवयीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशी ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे.

वैद्यकशास्त्रही याच्या जवळ आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाचे व्यसन हा विकार म्हणून नोंदवला आहे. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे सहसा वर्षभर चाललेले असावे लागते. म्हणजे सुट्टीत चार दिवस खेळात बुडालेला प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. पण ज्याच्यात ही तिन्ही लक्षणे आहेत त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला उपचार हवेत.

तेव्हा आमचे उत्तर असे : खेळण्यात पाप नाही. माझ्यामुळे कुणाची तरी हानी होत आहे हे कळत असताना, अजून थांबता येते आहे तोवर न थांबणे, हा दोष आहे. आणि थांबणे हातचे गेले असेल, तर मदत नाकारणे हा दोष आहे.

काही जण म्हणतात, सरकारने बंदी घालावी. २०१९ साली मुंबईच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करून पबजीवर बंदी मागितली होती. तो खेळ २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला, पण देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. चीनने २०२१ साली अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच वेळ दिली. कायदा काही दारे बंद करू शकतो. तीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी 'पुरे' हा शब्द मात्र तो घालू शकत नाही.

मोठ्यांनीही आरशात पाहावे. ऑगस्टीन यांना लहानपणी चेंडू खेळल्याबद्दल मार मिळे. मोठे लोकही खेळतच असतात, फक्त त्यांच्या खेळाला 'उद्योग' म्हणतात, असे त्यांनी नंतर लिहिले. जेवताना वडिलांच्या हाती मोबाइल आणि आईची नजर मालिकेवर असेल, तर मुलाला खेळ बंद करायला कोणत्या तोंडाने सांगणार?

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संत घोषित केले. १९९१ साली जन्मलेला हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते व तो ते आवडीने खेळे. पण आठवड्यातून एकच तास खेळायचे, असे त्याने ठरवले होते, असे त्याच्या आईने सांगितले आहे. पेटी त्याने फेकून दिली नाही. मर्यादा त्याने स्वतः घातली, आणि ती खेळाला बसण्यापूर्वीच.

आपल्यालाही तेच करता येईल. पेटी बाहेरच्या खोलीत ठेवा. भर लढाईत वायर उपटू नका, त्याने वैर वाढते. वेळ आधी ठरवा, आणि ती ठरवताना मुलाच्या शेजारी बसून त्याचा खेळ एकदा समजून घ्या. त्याची एक फेरी कुठे संपते ते त्यालाच विचारा. प्रकरण हाताबाहेर गेले असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मोफत सल्ला मिळतो. लाज बाळगू नका. आमचेही दार उघडे आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टी घडवणाऱ्या परमेश्वराच्या प्रत्येक दिवसालाही संध्याकाळ होते. त्याने केलेले पाहिले, ते चांगले आहे असे म्हटले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या आपल्यालाही 'पुरे' म्हणता यावे, आणि ते म्हणणाऱ्यासाठी घरात गरम ताट व गोड शब्द वाट पाहत असावा, हीच प्रार्थना.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू