न वाजलेली शिट्टी

रात्री फुटबॉलची मॅच बघताना नातू एकदम ओरडला, "आज्जी, बघ! मोठ्या टीमचा म्हणून सोडला त्याला!" हरणाऱ्याला पंच नेहमीच वाईट दिसतो, असं म्हणून मी विषय संपवला. नंतर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की पोराचं अगदीच चूक नव्हतं.

इटलीत याला नावच आहे, 'सुद्दितान्त्सा प्सिकोलोजिका'. म्हणजे मोठ्या क्लबापुढे पंचाचं मन आपोआप झुकणं. 2006 साली तिथल्या युव्हेंटस क्लबाला खालच्या श्रेणीत टाकलं, दोन विजेतेपदं काढून घेतली. क्लबाची माणसं पंच नेमणाऱ्यांशी फोनवर संधान बांधून होती. ते उघड पाप, त्याचा निवाडा सोपा.

अवघड आहे तो प्रामाणिक पंच. इंग्लंडमध्ये 40 पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांचा सामना टीव्हीवर दाखवला. मैदान लिव्हरपूलचं. काहींना प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह दाखवला, काहींना आवाज बंद करून. 2002 साली निष्कर्ष छापून आला. आवाज ऐकणाऱ्यांनी लिव्हरपूलविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. इथे कुणी पैसे खाल्ले नव्हते, गर्दीसुद्धा समोर नव्हती. आणि या पंचांनी लेस्टरला काही जास्त शिक्षा केली नाही. ज्यांच्या बाजूने गलका होता, त्यांच्या चुका तेवढ्या सोडून दिल्या. मोठ्या संघामागे गलकाही मोठाच असतो.

मला टोचलं ते हेच. आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं म्हणतात: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा होत असताना मान डोलावली. न वाजलेली शिट्टी या तिसऱ्या खात्यात जाते का? पंच म्हणेल, मला कळलंच नाही. पण बेसावधपणालाच तर आपण प्रमाद म्हणतो, आणि प्रमाद हे कर्मबंधाचं एक कारण सांगितलं आहे. तो माफीचा दाखला नव्हे.

आपण बायकाही घरात पंचच असतो की. माझ्या थोरल्या सुनेचा आवाज मोठा, माहेर तालेवार. धाकटी गरीब स्वभावाची. धाकटीला मी कधी टाकून बोलले नाही, असं अभिमानाने सांगत असे. ते खरंही आहे. पण थोरली तिला चारचौघांत लागट बोलली, तेव्हा मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले.

2018 च्या विश्वचषकात पंचांना मैदानाकडेच्या पडद्यावर आपला निर्णय परत बघायची सोय झाली. पण ती गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा मोठ्या गोष्टींपुरती. बारीकसारीक फाउल तसेच राहतात, आणि अन्याय साचतो तो तिथेच. आपलं प्रतिक्रमण म्हणजे मागे वळून बघणंच. त्यात तरी बारीक सुटू नये. संध्याकाळी बसते तेव्हा मी आता एक प्रश्न वाढवला आहे: आज कुणाच्या मोठेपणापुढे मी गप्प बसले? उत्तर मिळालं, की जिचं नुकसान झालं तिच्याकडे जाऊन क्षमा मागायची. त्यासाठी क्षमावाणीच्या दिवसाची वाट बघायची नाही.