घरी इचारून सांगतो

बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटांच्या पेरांवर भाव ठरवायची रीत होती. गुरांचा व्यापारी, म्हणजे हेडी, बोटं दाबत राही. भाव पटेना झाला की विकणारा शांतपणे म्हणे, "घरी इचारून सांगतो." त्या बोलण्यात मोठं बळ होतं. घरी म्हातारा बाप आहे, भाऊ आहे, बायको आहे, त्यांनी मान हलवल्याशिवाय दावं सुटणार नाही, हे कळलं की हेडी आपणहून एक बोट वाढवी. ज्याला घरी कुणाला विचारायचंच नाही, तो मात्र लवकर वाकतो.

आघाडीच्या सरकारांकडे मी याच नजरेने बघतो. घटक पक्षांची ओढाताण चालू असली की परदेशाशी बोलणी करताना सरकार कमकुवत ठरतं, असं आपण धरून चालतो. २००८ चा जुलै मला वेगळं सांगतो.

अमेरिकेसोबतच्या अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी मनमोहनसिंग सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव होता, आणि आदल्याच दिवशी जिनिव्ह्यात जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिस्तरीय परिषद सुरू झाली होती. एकेक मत मोलाचं. वाणिज्यमंत्री कमलनाथ मतदानाला दिल्लीत, आणि जिनिव्ह्याची खिंड वाणिज्य सचिव जी. के. पिल्लै लढवत होते. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं, मग कमलनाथ जिनिव्ह्याला पोहोचले. तिथे वाद होता तो स्वस्त शेतमालाची आयात अचानक वाढली तर गरीब देशांनी ठरलेल्या मर्यादेवर जादा शुल्क कधी लावायचं याचा. मसुद्यात होतं, आयात ४० टक्क्यांनी वाढल्यावर. भारत आणि त्याच्या सोबतचे देश म्हणत होते, १० टक्क्यांवरच. चाळीस टक्के जादा माल बाजारात उतरेपर्यंत इथला शेतकरी आडवा झालेला असतो, हे मोंढ्यात माल नेणाऱ्या कुणालाही समजेल. २९ जुलैला बोलणी मोडली. आठवड्यापूर्वी जेमतेम तरलेलं सरकार तिथे वाकलं नाही. वर्षभरात निवडणूक होती, देशात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न पेटलेला होता. घरी काय म्हणतील याची धास्ती त्या सरकारला होती, आणि ती आपल्या कामी आली असं मी मानतो.

पण त्याच परिषदेतली दुसरी गोष्ट मला टोचते. विषयपत्रिकेवर कापूस होता. श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानांचा प्रश्न. बोलणी त्याच्या आधीच मोडल्यामुळे त्याची पाळीच आली नाही. देशातही तेच झालं. त्याच वर्षीच्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला मिळाली. विदर्भातल्या कोरडवाहू जमिनीला ही पाच एकरांची अट कुणी घातली, आणि ती घालताना आमच्याकडून कोण बोललं? दिल्लीतल्या घरातही आमचा माणूस उंबऱ्याबाहेरच होता.

आता २०२५ चा जानेवारी बघा. १८ तारखेला महाराष्ट्रातल्या तीन पक्षांच्या महायुती सरकारने पालकमंत्र्यांची यादी काढली. दुसऱ्याच रात्री नाशिक आणि रायगडच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली, आणि तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दाव्होसच्या दौऱ्यावर निघालेले होते. तिकडे सुमारे १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार झाले. त्या यादीत आमच्या बुलढाण्याला वाईचे मकरंद जाधव-पाटील मिळाले. बाहेरचा पालकमंत्री चांगलं काम करू शकतो, माझी तक्रार व्यक्तीबद्दल नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीचं अध्यक्षपद कुणाकडे, यासाठी तीन पक्ष जेवढे अडले, तेवढं कापसाच्या भावासाठी कुणी अडलं नाही. खुर्चीसाठी युती थांबवता येते, म्हणजे युतीला थांबवण्याची ताकद असते. ती कशासाठी वापरायची हा खरा प्रश्न.

ऑगस्टमध्ये तो उघडा पडला. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं. शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, असं पंतप्रधानांनी ७ ऑगस्टला सांगितलं. १९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अडचणीतल्या कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा होता, तिथल्या कामगारांचीही पोटं आहेत, हे मला मान्य आहे. पण भाजपचे २४० खासदार आणि बाकी मित्रपक्षांचा टेकू, असं हे सरकार आहे. त्यात आमच्या मेहकर तालुक्यातले प्रतापराव जाधव राज्यमंत्री आहेत. ज्या जिल्ह्यांत कापूस पिकतो तिथल्या घटक पक्षांनी पाठिंब्याच्या बोलण्यांतच 'हंगामात शुल्क उतरवायचं नाही' अशी अट घातली असती, तर वॉशिंग्टनसमोर बसणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती सांगता आली असती. घरी विचारावं लागेल, घरचे ऐकणार नाहीत.

आमच्या डोणगावच्या शिवारात सोयाबीन निघालं की कापसाकडे लक्ष जातं. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी सुरू होते. शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, त्याची गाडी अशा तारखेच्या कितीतरी आधी जिनिंगच्या फाटकाशी उभी असते.