मनःपरिवर्तन की शरणागती?

तुरुंगात बदललेले मत प्रामाणिक मानावे काय? तेराव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क अकरावे जॉन बेक्कोस यांच्या चरित्रातून हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

१२०४ साली लॅटिन धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले. ती जखम ग्रीक मनात ओली असतानाच, सिसिलीचा राजा शार्ल याच्या स्वारीच्या भयाने सम्राट आठवा मायकेल याने रोमशी ऐक्य करण्याचे ठरविले. बेक्कोस तेव्हा धर्मपीठाचे दफ्तरप्रमुख होते. लॅटिनांना कोणी पाखंडी म्हणत नसले तरी ते पाखंडीच आहेत, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले व १२७३ साली कारावास पत्करला.

तेथे त्यांना धर्मपितरांचे लेखन वाचावयास मिळाले. वाद होता पवित्र आत्म्याविषयी : तो पित्यापासून निघतो, की ‘पुत्रापासूनही’? तो पित्यापासून ‘पुत्राद्वारे’ येतो, असे ग्रीक धर्मपितरांनीच लिहिल्याचे बेक्कोस यांना आढळले. शब्द भिन्न असले तरी श्रद्धा एकच, अशी त्यांची खात्री पटली. १२७४ साली लिऑंच्या महासभेत ऐक्य जाहीर झाले आणि १२७५ साली ते पॅट्रिआर्क झाले.

सम्राटाने मात्र ऐक्याच्या विरोधकांचा छळ मांडला. १२८२ साली तो मरण पावताच ऐक्य कोसळले. १२८३ साली संतप्त विरोधकांपुढे बेक्कोस यांनी माघारीच्या पत्रावर सही केली. परंतु १२८५ च्या धर्मसभेत ते पुन्हा आपल्या मतावर ठाम राहिले, दोषी ठरले आणि १२९७ साली कैदेतच निवर्तले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. भीतीने मिळविलेली सही भीतीबरोबरच ओसरली. अध्ययनातून लाभलेली खात्री मात्र आश्रयदाता सम्राट गेल्यावरही उरली. मत कोठे बदलले, यापेक्षा त्याची किंमत मोजावी लागली तेव्हा ते टिकले काय, हे पाहणे न्याय्य ठरेल.

सम्राटाने हुकमाने साधू पाहिलेले ऐक्य आठ वर्षांत विरले. उलट, पोप सहावे पॉल व पॅट्रिआर्क अथेनागोरस १९६४ साली जेरुसलेममध्ये बंधुभावाने भेटले आणि १०५४ चे परस्पर धर्मबहिष्कार १९६५ साली त्यांनी स्मृतीतून दूर केले. कुटुंबात असो वा ख्रिस्तसभेत, दुरावलेल्या भावाला आपण नमवू पाहतो की समजून घेऊ पाहतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या अंतःकरणात करावा.