सहासष्ट की त्र्याहत्तर?

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या एखाद्या सोसायटीत प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक कुटुंबं शेजारी राहत असतील, तर दोघांच्या घरी 'पवित्र शास्त्र', म्हणजे बायबल, असणार. पण एकात 66 पुस्तकं, दुसऱ्यात 73. फरक सगळा जुन्या करारातला. तोबित, यहुदीथ, मक्काबी वगैरे सात पुस्तकं ग्रीक संग्रहात होती, हिब्रू संग्रहात नव्हती. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने ती वाचायला चांगली म्हणून ठेवली, पण शास्त्रापासून वेगळी काढली. 1546 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने ती शास्त्रच असल्याचं ठासून सांगितलं.

मला नवल वाटतं ते नव्या कराराचं. एवढं भांडूनही तिथल्या 27 पुस्तकांवर दोघांचं एकमत. कुणी धर्मसभा भरवून हात वर करायला लावले, असा अनेकांचा समज असतो. अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसने 367 साली आपल्या पत्रात नेमकी ही यादी दिली हे खरं. पण शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं मंडळ्यांमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून मोठ्याने वाचली जात होती. यादी वाचनामागून आली.

मग जे वाचलं जातं ते सगळंच शास्त्र का? नाही. 'हर्मासचा मेंढपाळ' हा ग्रंथ इतका लाडका, की चौथ्या शतकातल्या सिनाईच्या हस्तलिखितात तो नव्या कराराबरोबरच सापडतो. एका जुन्या यादीने मात्र बजावलं: वाचा खुशाल, पण हा अगदी अलीकडचा, संदेष्ट्यांच्या आणि प्रेषितांच्या पंगतीत नको. लाडकेपणापेक्षा उगमाशी जवळीक वरचढ ठरली. थोडं निष्ठुरच आहे हे.

आपल्याकडे फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, चर्चमध्ये वाचलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तर मराठी मंडळ्यांत आजही गातात. लेवीयाच्या पुस्तकापेक्षा तीच लोकांना जास्त पाठ असावीत. तरी वेदीवरून 'देवाचं वचन' म्हणून ती कुणी वाचत नाही, आणि त्यात त्यांचा अपमान झाला असंही कुणाला वाटत नाही.

विश्रांतवाडीवरून दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते, तेव्हा मला संत एकनाथ आठवतात. 1584 मध्ये त्यांनी पोथ्या ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. त्यांचा स्वतःचा ओवीवर हात काय कमी बसलेला होता? पण त्यांच्या ओव्या त्यांच्या एकनाथी भागवतात राहिल्या, ज्ञानेश्वरीत आल्या नाहीत.