कलावंताने नाकारलेली कृती

आपली निर्मिती निकृष्ट आहे, असे कलावंतच सांगू लागला तर आस्वादकाने आपली आवड मागे घ्यावी काय? समीक्षेत हा प्रश्न बहुधा लेखकाच्या हेतूच्या अंगाने चर्चिला जातो. विम्झॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली हेतूला मूल्यमापनाचा निकष मानण्यास आक्षेप घेतला. बार्थने १९६७ मध्ये अर्थावरील लेखकाचे स्वामित्वच अमान्य केले. परंतु या दोन्ही भूमिकांच्या नजरेसमोर प्रामुख्याने एकट्याने लिहिलेली संहिता आहे. अनेकांनी मिळून घडवलेली कृती त्यांतल्या काहींनीच नाकारली, तर प्रश्न केवळ अर्थनिर्णयाचा उरत नाही. तो नैतिक होतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची ‘ॲटम हार्ट मदर’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

ऑक्टोबर १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमधील विक्रीत पहिल्या स्थानावर पोहोचली. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’नंतर मात्र ती चाचपडण्याच्या काळातील एक फसलेला प्रयोग ठरली. डेव्हिड गिल्मर आणि रॉजर वॉटर्स यांचे एरवी फारसे पटत नाही. या ध्वनिमुद्रिकेला टाकाऊ ठरवण्यात मात्र त्यांचे एकमत आहे. कर्त्यांचाच निवाडा हाती आल्यावर इतरांचे काम सोपे झाले.

पहिली बाजू संपूर्ण व्यापणाऱ्या, सुमारे चोवीस मिनिटांच्या शीर्षकरचनेचा जन्मच अडचणीत झाला. नव्या ध्वनिफिती कापून जोडण्यास ईएमआय कंपनीची मनाई असल्यामुळे वॉटर्सची बेस गिटार आणि निक मेसनचे ड्रम यांचा पायाभूत ठेका एका दमात सलग मुद्रित करावा लागला. साहजिकच लय कुठे चढते, कुठे सैल पडते. बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना रॉन गीसिन या स्कॉटिश संगीतकाराने या डळमळत्या पायावर पितळी वाद्ये, चेलो आणि गायकवृंद यांची स्वरलिपी रचली. ॲबी रोड स्टुडिओत वादकांशी त्याचे बिनसले आणि संचालनाची सूत्रे गायकवृंदाचे प्रमुख जॉन ऑल्डिस यांच्याकडे गेली.

ही ओढाताण ऐकू येते, आणि मला ती दोष वाटत नाही. चेलोची संथ सुरावट, तिच्यावर घसरत येणारी गिटार, मग ऑर्गनच्या आधाराने अर्थवाही शब्दांवाचून गाणारा गायकवृंद: परस्परांची भाषा पुरती न जाणणारे दोन पक्ष येथे एकमेकांना जपून चालतात. बँडच्या पुढच्या काटेकोर निर्मितीत हे जपणे मला आढळत नाही. रचनेच्या उत्तरार्धातला ध्वनींचा गोंधळ निष्कारण लांबला आहे, आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरचा न्याहारीच्या आवाजांचा तुकडा तर आणखीच; तेवढ्यापुरते गिल्मर-वॉटर्स यांचे म्हणणे खरे आहे.

स्वतःच्या वादनाविषयी असमाधानी असण्याचा गिल्मरचा अधिकार निर्विवाद आहे. पण शीर्षकरचनेच्या श्रेयात बँडमधील चौघांबरोबर गीसिनचेही नाव आहे. संपूर्ण कृतीला टाकाऊ म्हणताना त्याच्या श्रमांचाही निकाल लावला जातो, आणि तो लावणाऱ्यांचा आवाज जगभर पोहोचणारा असतो, गीसिनचा नसतो. आत्मटीका म्हणून जी विनम्र भासते, तिच्यात दुसऱ्याच्या वाट्याची अवहेलना अशी नकळत मिसळते. यावर कोणी म्हणेल की, उपेक्षिताविषयीची सहानुभूतीच येथे रसिकतेचा वेष घेऊन आली आहे. शंका रास्त आहे. माझ्यापुरते उत्तर एवढेच की, चेलोची ती सुरावट आधी भिडली. गीसिनचे नाव फार नंतर कळले.

शिवाय कर्त्याचा नकार तरी कुठे अखेरचा असतो? जून २००८ मध्ये लंडनच्या कॅडोगन हॉलमध्ये गीसिनने ही रचना दुसऱ्या वादकांना घेऊन सादर केली, तेव्हा त्यांपैकी एका रात्री गिटार वाजवायला स्वतः गिल्मर आला होता.