सहा म्हणजे किती?

स्पीडवेच्या वैयक्तिक जगज्जेत्यांच्या यादीत सर्वांत वर तीन नावं आहेत आणि तिघांपुढे आकडा एकच: 6. न्यूझीलंडचा आयव्हन मॉजर 1968 ते 1979 या काळात सहा वेळा जिंकला. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनची सहा विजेतेपदं 1994 ते 2005 मधली. पोलंडचा बार्टोश झ्मार्झलिक 2019 पासून जिंकत आला आणि 2025 मध्ये त्यानं अवघ्या एका गुणाच्या फरकानं सहावं विजेतेपद पटकावलं. आता युरोपातल्या स्पीडवेवेड्या गावांत वाद रंगतो तो या तिघांत थोर कोण याचा. गावसकर की तेंडुलकर या विषयावर रात्री जागवलेल्या मराठी माणसाला या वादाची चव सांगायला नको. मात्र इथे एक पेच जास्तीचा आहे. क्रिकेटमध्ये निदान कसोटी ही कसोटीच राहिली. स्पीडवेत जगज्जेता ठरवण्याची रीतच मुळापासून बदलत गेली.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मातीचा लंबवर्तुळाकार ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटाचा मामला. मोटारसायकलला 500 सीसीचं इंजिन, त्यात मिथेनॉल, गिअर एकच. ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक बाहेर फेकायचं, पोलादी तळ लावलेला डावा बूट मातीवर घासत न्यायचा आणि गाडी आडवी सरकत असतानाच वेग राखायचा. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. ऑस्ट्रेलियात 1920 च्या दशकात या शर्यतींनी जोर धरला, 1928 च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला त्या इंग्लंडात पोचल्या, आणि आठ वर्षांत वेम्ब्लीवर जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम स्पर्धा भरली.

त्या पहिल्याच स्पर्धेत आजच्या सगळ्या वादाचं बीज आहे. सप्टेंबर 1936 मधल्या त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही शर्यती जिंकला. 15 पैकी 15 गुण. त्याला कुणीही हरवलं नाही. तरीही तो तिसरा आला. कारण आधीच्या फेऱ्यांतल्या कामगिरीचे बोनस गुण अंतिम रात्रीच्या गुणांत मिळवायचे, असा नियम होता. विल्किन्सनची बेरीज 25 झाली. लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन 26 वर राहिले. त्या दोघांत जादा शर्यत झाली, ती व्हॅन प्रागनं जिंकली आणि पहिला जगज्जेता तो ठरला. त्या रात्री त्याला हरवणारा एकमेव स्वार विल्किन्सनच होता! संयोजकांचा हेतू वाईट नव्हता. अजिंक्यपद एका रात्रीच्या लहरीवर सोपवू नये, आधीच्या मेहनतीचंही मोल व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण प्रेक्षकानं जे डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर जे उमटलं त्यांचा मेळ बसला नाही. दोन वर्षांनी विल्किन्सन जिंकला, तोही गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना. अजिंक्यपद एका रात्रीचं असावं की हंगामाचं, हा प्रश्न मात्र 1936 पासून तसाच लोंबकळत आहे.

युद्धामुळे 1939 ची अंतिम स्पर्धा झालीच नाही आणि खंड पडला तो थेट 1949 पर्यंत. ऐन उमेदीतल्या एका पिढीच्या खात्यावर या दशकात एकही विजेतेपद नाही, कारण जिंकायला स्पर्धाच नव्हती. विजेतेपदं मोजून थोरवी ठरवणाऱ्यांच्या वहीत या माणसांसाठी रकाना नसतो.

युद्धानंतर बोनस गुण गेले आणि एका रात्रीचं निखळ अजिंक्यपद आलं. 1987 ची दोन दिवसांची अंतिम स्पर्धा सोडली तर ते 1994 पर्यंत टिकलं. त्याची रचना मला आजही फार सुंदर वाटते. स्वार 16, शर्यती 20, प्रत्येक शर्यतीत चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती. एका शर्यतीत तिघांशी गाठ पडते. पाच शर्यतींत पंधरा जणांशी. म्हणजे प्रत्येक स्वार उरलेल्या प्रत्येकाशी नेमका एकदा भिडतो, कमी नाही की जास्त नाही. गणिती भाषेत हा 16 बिंदू आणि 20 रेषांचा आराखडा आहे आणि चार बाय चारच्या लॅटिन चौकोनांपासून तो तयार करता येतो. याच प्रकारच्या गणितात नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात शिकवणारे शरदचंद्र श्रीखंडे जगभर नावाजले गेले. बोस आणि पार्कर यांच्या साथीनं त्यांनी 1959 मध्ये लॅटिन चौकोनांविषयीचं ऑयलरचं जुनं अनुमान खोटं पाडलं. श्रीखंड्यांचा स्पीडवेशी काही संबंध नव्हता. पण वेम्ब्लीवर हजारो लोक पेन्सिलीनं जो तक्ता भरत बसायचे, त्याची जातकुळी हीच.

प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतीत याहून न्याय्य रचना शोधून सापडणार नाही. पण नशिबाच्या बाबतीत ती निष्ठुर. एकदा साखळी तुटली, एकदा मागचं चाक जास्त सरकलं, की वर्ष वाया. 1973 मध्ये पोलंडच्या खोझूव शहरात प्रचंड गर्दीपुढे येझी श्चाकिएल आणि मॉजर यांचे प्रत्येकी 13 गुण झाले. जादा शर्यतीत मॉजर पडला आणि श्चाकिएल जगज्जेता झाला. त्याआधी किंवा नंतर कधीच तो वैयक्तिक जागतिक स्पर्धेच्या पहिल्या तिघांत आला नाही. एका रात्रीची पद्धत किती बेभरवशाची, हे सांगायला हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. हाच श्चाकिएल दोन वर्षांपूर्वी जोडीदाराबरोबर जागतिक दुहेरी स्पर्धा एकही गुण न गमावता जिंकला होता. त्या रात्री त्यानं जगातल्या उत्तम पंधरा जणांना तोंड दिलं आणि नंतर मॉजरलाही. याला फुकटचं नशीब कसं म्हणायचं?

आता याच पद्धतीत मॉजरचे सहा ठेवून पाहा. त्याला दरवर्षी आधी पात्रता फेऱ्यांची माळ ओलांडावी लागे, आणि त्यातली प्रत्येक फेरीही एकेका रात्रीचीच. कुठल्याही एका रात्री घसरलं की अंतिम स्पर्धा घरून ऐकायची. या गाळणीतून तो अंतिम स्पर्धेपर्यंत पोचत राहिला, सहा वेळा जिंकला, तीन वेळा दुसरा आला. शेवटचं विजेतेपद त्यानं 39 व्या वर्षी घेतलं, तेही त्याच खोझूवला. नशीब ज्या पद्धतीत इतकं बलवत्तर, तिथे एकच माणूस सहा वेळा जिंकतो तेव्हा त्याच्या तयारीबद्दल आणि डोकं थंड ठेवण्याबद्दल वेगळं काही बोलायला नको. ओव्ह फुंडिनबद्दल मात्र बोलायला हवं. या स्वीडिश स्वाराची विजेतेपदं पाच, म्हणून तो या वादात मागच्या बाकावर बसतो. पण 1956 ते 1965 अशी सलग 10 वर्षं तो पहिल्या तिघांत होता. एका रात्रीच्या जुगारात दहा वर्षं! विजेतेपदांऐवजी पहिल्या तिघांतलं सातत्य मोजायचं ठरलं, तर पुढच्या बाकावर कोण बसेल हे सांगायला नको.

1995 मध्ये ग्रां प्री आली. हंगामभर वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या, सगळ्यांची बेरीज आणि सर्वाधिक गुणांचा स्वार जगज्जेता. यामागे केवळ न्यायबुद्धी होती असं मानण्याइतका मी भोळा नाही. टीव्हीला दर काही आठवड्यांनी कार्यक्रम हवा होता, प्रायोजकाला वर्षभर फलक. तरी बेरजेची पद्धत अधिक न्याय्य, हे कबूल करावं लागतं. एका रात्री यंत्र बिघडलं तर पुढच्या महिन्यात भरपाई करता येते. मात्र या पद्धतीचंही स्वतःचं विचित्र फळ आहे. 2000 मध्ये इंग्लंडचा मार्क लोरम जगज्जेता झाला तेव्हा त्यानं हंगामातली एकही फेरी जिंकलेली नव्हती. सतत वर राहणं, कधीच कोसळू नये एवढं सांभाळणं, यावर तो जिंकला. जुन्या पद्धतीत श्चाकिएल, नव्यात लोरम. बेरीज चूक माफ करते, मोडलेलं हाड नाही. 2016 मध्ये आघाडीवर असलेला जेसन डॉयल तोरुनला शेवटून दुसऱ्या फेरीत जखमी झाला, शेवटची फेरी हुकली आणि मुकुट ग्रेग हॅनकॉककडे गेला. मोडक्या हाडानिशी विल्किन्सन एक रात्र काढू शकला. अख्खा हंगाम तसा निघत नाही.

शिवाय ग्रां प्रीत वरचे स्वार पुढच्या वर्षासाठी आपोआप आत येतात. मॉजरला दरवर्षी जो दरवाजा नव्यानं ठोठावावा लागत होता तो झ्मार्झलिकसाठी उघडाच असतो. उलट झ्मार्झलिकला वर्षभर, रात्रीमागून रात्र, सगळ्यांचं लक्ष्य होऊन फिरावं लागतं. 2023 मध्ये व्हॉयन्सला चुकीचा पोशाख घातल्याबद्दल त्याला एका फेरीतून बाद केलं, तरी वर्ष त्याचंच झालं. जुन्या पद्धतीत हीच चूक अंतिम रात्री झाली असती तर? पण त्याच्या सहांवर एक सावलीही आहे. 2021 मध्ये त्याला हरवणारा आर्तेम लागुता रशियन. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन स्वारांवर बंदी आली आणि 2022 मध्ये जगज्जेत्याला आपला मुकुट राखायला उतरताच आलं नाही. यात झ्मार्झलिकचा दोष शून्य. पण ज्यानं त्याला हरवलं तोच समोर नव्हता, हे वहीत लिहून ठेवावं लागतं.

यंत्रांचं मी मुद्दाम फार बोलत नाही. जेएपीपासून जावा, वेस्लेक आणि आजच्या जीएमपर्यंत इंजिनं बदलली, पण एका वेळी चौघांकडे साधारण सारखंच असतं. फरक पडतो तो स्पर्धेच्या आराखड्यानं. आराखडा म्हणजे परीक्षकानं काढलेला पेपर. एका रात्रीचा पेपर विचारतो: आत्ता, इथे, दुसरी संधी नसताना तू काय करतोस? हंगामाचा पेपर विचारतो: सहा महिन्यांत तू किती कमी घसरतोस? दोन वेगळ्या पेपरांतले गुण शेजारी मांडून कोण हुशार ते ठरवायला बसणं मला पटत नाही.

पण दोन्ही पेपरांत पहिला आलेला विद्यार्थी असेल तर? असे दोघेच आहेत. 1994 मध्ये व्हॉयन्सला एका रात्रीची शेवटची स्पर्धा झाली. तिथे रिकार्डसन, डेन्मार्कचा हान्स नील्सन आणि ऑस्ट्रेलियाचा क्रेग बॉइस तिघेही अवघ्या 12 गुणांवर थांबले. तिघांची जादा शर्यत झाली आणि ती रिकार्डसननं जिंकली. पुढच्याच वर्षी पहिल्या ग्रां प्री मालिकेत नील्सन जिंकला. त्याच्या आधीच्या तीन विजेतेपदांपैकी दोन एका रात्रीची होती. म्हणून चारच विजेतेपदं असली तरी नील्सनला मी अनेकांच्या वर ठेवतो.

आणि रिकार्डसनला सर्वांच्या वर. 1998 ते 2004 ग्रां प्रीच्या प्रत्येक फेरीत 24 स्वार आणि बाद पद्धत होती. 2005 मध्ये पुन्हा 16 स्वार आणि 20 शर्यती आल्या. रिकार्डसन 1994 मध्ये एका रात्रीत जिंकला, 1998, 1999, 2001 आणि 2002 मध्ये बाद पद्धतीत जिंकला, आणि 2005 मध्ये नियम परत फिरले तेव्हाही जिंकला. मॉजरला बेरजेची परीक्षा कधी द्यावीच लागली नाही, झ्मार्झलिकला एका रात्रीची देता आली नाही. यात त्यांचा दोष नाही. पण कोण थोर असं कुणी विचारलंच, तर या तिघांत तीन वेगवेगळ्या पद्धतींत जगज्जेता ठरलेला एकच स्वार आहे, आणि माझं मत त्याला.