कीर्दीचा न्याय

भिवंडीच्या परिसरांतील विस्तीर्ण गोदामांतून मालाची आवकजावक आतां संगणकावर नोंदली जाते. मध्येंच वीज जाऊन संगणक बंद पडला, तर पुन्हां सुरू होतांना त्यांतील माहितीकोश, म्हणजे डेटाबेस, सर्वांआधीं आपली रोजकीर्द वाचतो. जुन्या पेढ्यांवर आधीं कीर्द व मग खतावणी, असा क्रम असे. येथेंही खात्याचें बदललेलें पान कायम सांठ्यांत जाण्यापूर्वीं त्या बदलाची नोंद तेथें पोंचलेली असावी लागते.

हें वाचन कसें करावें, याची एक प्रख्यात पद्धति आय. बी. एम. मधील सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं 1992 सालीं मांडली. अर्धवट राहिलेले व्यवहार कोणते, हें तींत प्रथम शोधतात. मग पुरे-अपुरे न पाहतां सांठ्यांत न पोंचलेले सर्व बदल पुन्हां घडवितात. आणि अखेर अपुरे व्यवहार शेवटापासून मागें मागें उलटवितात, तेंही प्रत्येक उलट नोंद कीर्दींत लिहून. खाडाखोड कोठेंच नाहीं. कोणाही सचोटीच्या मुनिमास हें आवडेल. निवाडा होतो तो केवळ 'पक्का' या शेऱ्यावर. शेरा असेल तर खातें कोरें असलें तरी भरून द्यावयाचें. नसेल तर बहुतेक काम झालेलें असूनही तें रद्द.

हा न्याय हिशेबापुरता आम्हांस मान्य आहे. त्यावांचून कोणत्याच आंकड्यावर विश्वास टाकतां येणार नाहीं. पण समजा, एका हमालानें चाळीस गांठी ट्रकमध्यें चढविल्या, आणि शेरा पडण्यापूर्वींच वीज गेली. कीर्द म्हणते, गांठी गोदामांतच आहेत. ट्रक तर केव्हांच नाक्यापलीकडे गेला! एकदां केली कीं जी परत घेतां येत नाहीं, अशा क्रियेचा वर्ग जिम ग्रे यांनीं 1981 सालच्या आपल्या निबंधांत वेगळाच काढला होता. अशी क्रिया शेरा पडेपर्यंत थोपवून धरावी, हा शास्त्राचा उपाय. गोदामांत मात्र हात आधीं चालतो, लेखणी मागाहून.

मग मजुरीही त्या नोंदीवरूनच मोजावयाची असेल, तर "काम केल्याचा पुरावा आण" असें हमालास म्हणावयाचें काय? आमच्या मतें पुराव्याचा भार कीर्द ठेवणारावर आहे. लिहिण्याचें साधन त्याच्या हातीं, आणि तें बंद पडलें तेंही त्याच्याच घरीं. हमाल खोटें बोलेल, अशी शंका कोणी घेईल. घेवो, परंतु ती फेडण्याकरितां उरलेल्या गांठी मोजतां येतात, फाटकावरील पहारेकऱ्यास विचारतां येतें. तें करून त्या दिवसाच्या तारखेनें नवी नोंद घालावी, आणि चाळीस गांठींची मजुरी हमालाच्या हातावर ठेवावी.